ओव्हन नाही, लाईनीचा भरवसा नाही : हॅलोविनसाठी साठ मुलांचा चॉकलेटचा खाऊ कसा करावा?

वरुडहून (विचारणा)

नमस्कार. इथल्या शाळेत दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हॅलोविन ठेवलंय. काळा आणि नारंगी रंग, भूत-कोळी-कोहळं (लाल भोपळा) असे आकार आणि प्रत्येकाच्या हातात खाऊची एक पुडी, असं शाळेचं म्हणणं. खाऊचं काम पालकांकडे आहे. मुलं ६०. प्रत्येकाला दोन-तीन नग मिळावेत.

गॅस आहे. ओव्हन नाही, मायक्रोवेव्ह नाही. फ्रीज आहे, पण दुपारी लाईन कधी जाईल ते सांगता येत नाही. अंडं आणि जिलेटिन नको. पुड्या सकाळी ११ वाजता वाटणार आणि मुलं त्या घेऊन ऑटोनं घरी जाणार. ऊन अजून कडक आहे.

किराणा दुकानातल्या चॉकलेटच्या वड्या वितळवून चालतात का, की केकच्या सामानाच्या दुकानातून लादी आणावी? वितळवताना चॉकलेट घट्ट झालं तर दूध घालावं का? दूध घातलं की त्याचा चिखल होतो, तो कशानं? आणि किती दिवस आधी करून ठेवता येईल?

आर्वीहून

लादीच आणा, आणि दुकानात 'कंपाउंड' असं स्पष्ट सांगून आणा. खाण्याच्या वडीत कोको बटर असतं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तर चॉकलेट तोंडात विरघळतं. आपल्याकडे ऑक्टोबरच्या दुपारी पारा ३२-३३ च्या पुढे जातो, म्हणजे वडी पुडीतच मऊ पडणार. शिवाय कोको बटरचं चॉकलेट एकदा वितळवलं की त्याचं टेम्परिंग करावं लागतं : डार्क असेल तर ४५-५० अंशांपर्यंत तापवा, २७-२८ पर्यंत उतरवा, परत ३१-३२ वर आणा. हे केलं नाही तर ते नीट आवळत नाही, बोटांना लागतं आणि दुसऱ्या दिवशी वर पांढुरके पट्टे येतात. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी असते. त्याला टेम्परिंग नको, नुसतं वितळवून ओतलं तरी चकचकीत आणि कडक होतं. चव वडीइतकी सुरेख नसते, हे मान्य. पण ६० मुलांच्या पुड्या उन्हातून घरी जायच्या असतील तर दुसरा मार्ग नाही. दोन्ही एकत्र मात्र करू नका. दोन्हींतल्या चरब्यांचं आपसात जमत नाही, मिश्रण मऊ राहतं आणि लवकर पांढरं पडतं.

आता तुमचा चिखल. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे आणि कोकोचे बारीक कण. त्यात चमचाभर दूध किंवा पाणी पडलं की साखर ओली होऊन चिकट होते, कण एकमेकांना धरतात आणि गोळा होतो. थेंबभर पाण्यानंही होतो. ओला चमचा, भांड्याच्या काठावरून ओघळलेली वाफ, नीट न पुसलेली लादी, एवढं पुरतं. लाकडी चमचा वापरू नका, त्यात ओल मुरलेली असते. पातळ करायचंच असेल तर २०० ग्रॅमला एक छोटा चमचा रिफाइंड तेल किंवा साजूक तूप घाला. लोणी, बटर चालत नाही, त्यात सुमारे १६ टक्के पाणी असतं.

गोळा झालाच तर फेकू नका. १०० ग्रॅमला दोन-तीन मोठे चमचे गरम दूध घालून घोटा. थोड्या पाण्यानं बिघडलेलं चॉकलेट जास्त पाण्यानं सुटतं आणि दाट सॉस होतो. तो लेपाला चालणार नाही, पण खाली दिलेल्या बिस्किटाच्या गोळ्यांत चालतो. तेवढं कंडेन्स्ड मिल्क कमी करा.

वितळवायची रीत : लादी सुरीनं हरभऱ्याच्या दाण्याएवढी चिरा. गंजात (पातेल्यात) दोन बोटं पाणी तापवा, वाफ दिसली की गॅस बंद. वर गंजाच्या तोंडापेक्षा मोठं, कोरडं स्टीलचं भांडं ठेवा, म्हणजे वाफ बाहेरून निघून जाते. बूड पाण्याला टेकू देऊ नका. दोन हिस्से चॉकलेट त्यात घालून ढवळा, विरघळलं की भांडं उतरवून खालचा भाग फडक्यानं पुसा, मग उरलेला तिसरा हिस्सा घाला. ४०-४५ अंश पुरे. थर्मामीटर नसेल तर ओठाखाली एक थेंब लावून पाहा, कोमट लागला पाहिजे, चटका नको. ५० च्या पुढे गेलं की ते दाणेदार होतं आणि मग तेलानंही सुधारत नाही. पांढरं कंपाउंड त्याहून नाजूक, त्यातली दूध भुकटी आधी करपते. ते ४० वरच थांबवा.

करायला दोन प्रकार सुचवतो, डोळे आणि कोळी.

डोळे, ६० नग. मारी बिस्किटं ३५० ग्रॅम मिक्सरमधून रव्याएवढी बारीक करा. कोको पावडर ३० ग्रॅम चाळून घ्या, गाठी राहिल्या तर कडू लागतात. सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस ७५ ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम. सगळं एकत्र करून झाकून १५ मिनिटं ठेवा. सुरुवातीला मिश्रण हाताला चिकटतं, तेव्हा वरून बिस्किटाचा चुरा घालायचा मोह होतो. घालू नका. चुरा ओल शोषतोच, आणि वरून घातलेल्या चुऱ्यानं सकाळी गोळ्यांना भेगा पडतात. हाताला तुपाचं नुसतं बोट लावून १४ ग्रॅमच्या गोळ्या वळा. पहिली वजन करून घ्या, बाकीच्या अंदाजानं होतात. तूप जास्त झालं तर लेप घसरतो.

गोळ्या तासभर उघड्यावर सुकू द्या. मग ४०० ग्रॅम पांढरं कंपाउंड. काट्याच्या चमच्यावर गोळी धरून बुडवा, चमचा भांड्याच्या काठावर तीन-चारदा ठोका, जादा निथळू द्या, बटर पेपरवर सोडा. ठोकायचा कंटाळा केला तर गोळीखाली पसरट चकती जमते आणि ४०० ग्रॅम चाळीस गोळ्यांतच संपतं. मिनिटभराच्या आत वर एक जेम्सची गोळी दाबा. लेप आवळल्यावर ती चिकटत नाही. जेम्सवर काडीनं डार्क चॉकलेटचा ठिपका दिला की बुबुळ झालं.

गोळ्या फ्रीजमधून काढून लगेच बुडवू नका. थंड गोळी आकसलेली असते. वरचा लेप क्षणात आवळतो, मग आतली गोळी गरम होऊन फुगते आणि लेपाला तडा जातो.

कोळी, ६० नग. मुरमुरे ८० ग्रॅम, भाजून सोललेले फल्लीदाणे (शेंगदाणे) जाडसर कुटून १०० ग्रॅम, डार्क कंपाउंड ४०० ग्रॅम, पायांसाठी वेगळं १०० ग्रॅम. मुरमुरे आधी चाळा, तळाचं मीठ आणि धूळ जाऊ द्या. कढईत मंद आचेवर तीन-चार मिनिटं परता, बोटांत दाबल्यावर कट् आवाज यायला हवा. पूर्ण निवल्यावरच चॉकलेटमध्ये घाला. गरम मुरमुऱ्यांतली वाफही पाणीच.

पायांसाठी शेवया खोचत बसू नका, ४८० पाय होतात. जाड प्लास्टिकच्या नव्या पिशवीत चॉकलेट भरून कोपरा कापा आणि बटर पेपरवर एकाच मध्यावर छेदणाऱ्या चार रेघा काढा. चार रेघा, आठ पाय. रेघ तीन मिलिमीटर जाड हवी, बारीक असेल तर सोलताना तुटते. रेघा ओल्या असतानाच मध्यावर मुरमुऱ्याच्या मिश्रणाचा एक छोटा चमचा ठेवा. दोघं जण असाल तर एकानं रेघा काढाव्या, दुसऱ्यानं मागोमाग चमचा सोडावा. एका माणसाला एका वेळी दहाच काढता येतात, तोवर पहिल्या रेघा आवळतात.

फ्रीजचं म्हणाल तर त्याची गरजच नाही. ऑक्टोबरअखेर आपल्याकडे पहाटे तापमान २० च्या आसपास येतं. रात्री जेवणं आटोपली की काम सुरू करा, ताटं उघड्या खिडकीपाशी जाळीखाली ठेवा. अर्ध्या तासात लेप आवळतो. दुपारी पंख्याखाली दोन तासांतही असा आवळत नाही.

पुसदहून

कंपाउंडमधली वनस्पती चरबी मुलांना द्यायची नसेल तर घरचं चॉकलेट करता येतं. खाण्याचं खोबरेल तेल १०० ग्रॅम, कोको ६० ग्रॅम, पिठीसाखर ८० ग्रॅम, दूध पावडर ४० ग्रॅम. तेल कोमट करून बाकी सगळं दोनदा चाळून घालायचं, घोटायचं, साच्यात ओतून फ्रीजमध्ये २० मिनिटं. साखर मिक्सरमधून दोनदा फिरवलेली हवी. चरबीत साखर विरघळत नाही, त्यामुळे जाड साखर शेवटपर्यंत दाताखाली येते. घटक चारच आणि चव कंपाउंडपेक्षा चांगली.

आर्वीहून

चवीबद्दल सहमत. घरी फ्रीजमधून काढून लगेच खायला हे उत्तम आहे. पण खोबरेल तेल २५ अंशांच्या आसपासच पातळ होतं. सकाळी ११ वाजता वर्गात ३० अंश असतील तर पुडीत तेल सुटेल आणि तळाशी कोकोचा गाळ बसेल. वरुडच्या ताईंना हे नको. डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलनाला मात्र नक्की करा, तेव्हा ते टिकतं. म्हणूनच लेप पातळ करायलाही मी खोबरेल न सांगता रिफाइंड तेल सांगितलं, आणि तेही चमचाभरच. तेल कुठलंही असो, जास्त झालं की लेप मऊच राहतो.

दर्यापूरहून

कोहळं राहिलंच की. हॅलोविन म्हणजे कोहळं. तिकडे आयर्लंडात आधी सलगम कोरत, ती माणसं अमेरिकेत गेली तेव्हा त्यांना मोठं नारंगी कोहळं सापडलं. आणि तुम्ही तर वरुडच्या, संत्र्याच्या गावात बसून नारंगी रंग विकत आणू नका.

कंडेन्स्ड मिल्क २०० ग्रॅम, दूध पावडर अंदाजे २५० ग्रॅम, साजूक तूप एक मोठा चमचा. पावडर एकदम नका टाकू, २०० ग्रॅम टाकून मळा, मग लागेल तशी. पोळीच्या कणकेपेक्षा थोडं घट्ट पाहिजे. रंगासाठी चिमूटभर हळद आणि अर्धा छोटा चमचा बिटाचा रस. रस थेंब-थेंब सोडजा, पटकन गुलाबी होते. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरात सालीनं हिरवट असते, पण वास भरपूर असतो. दोन संत्र्यांची नुसती वरची साल बारीक किसणीनं किसून टाका. खालचा पांढरा भाग आला की कडू झालंच समजा. सालीच्या वासानं हळदीची चव दबते.

७-८ ग्रॅमच्या गोळ्या वळा, ६० होतात. वरून थोड्या चपट्या करा, काडीच्या कडेनं खालपासून वरपर्यंत सहा रेघा दाबा. देठासाठी लवंग नका लावू, लहान पोरगं तसंच चावते. पिस्त्याचा उभा तुकडा लावा. ताटात दोन तास सुकू द्या, दर अर्ध्या तासानं फिरवा. मग खालचा अर्धा भाग डार्क कंपाउंडमध्ये बुडवा. वर नारंगी, खाली काळं. १५० ग्रॅम कंपाउंड पुरते. न सुकवता बुडवलं तर आतली ओल लेपाखाली येते आणि दुसऱ्या दिवशी लेप टरफलासारखा सुटतो.

रंग चॉकलेटमध्ये मात्र कधीच नका टाकू. बाटलीतला रंग पाण्यातला असतो, पांढऱ्या कंपाउंडचा लगेच गोळा होतो. दुकानात तेलातले रंग मिळतात, पण तालुक्याला सापडतीलच असं नाही. म्हणून रंग गोळीत, चॉकलेट बाहेरून.

फल्लीदाण्याबद्दल एक. शाळेला आधीच विचारून ठेवजा, कोण्या मुलाला दाणे चालत नसतील तर त्याचे कोळी नुसत्या मुरमुऱ्याचे आणि वेगळ्या भांड्यात, सगळ्यात आधी करा. दाणे अख्खे ठेवू नका. पुडी घरी गेली की धाकटं भावंडही त्यात हात घालते आणि अख्खा दाणा लहान लेकराच्या घशात अडकू शकतो. तीन-चार वर्षांच्या लेकराला गोळीसुद्धा चार तुकडे करूनच द्यावी, आणि तिच्यावरची जेम्स काढून, हे पुडीवर चिठ्ठी लावून लिहा.

वरुडहून

खूप आभार, तिन्ही प्रकार करते. दोन गोष्टी अजून. मागवलेल्या लादीवर आधीच पांढरट भुकटीसारखं काही दिसतंय, ती परत करावी का? आणि कुठला प्रकार कधी करू?

आर्वीहून

बोट फिरवून पाहा. बोटाच्या उबेनं पांढरट थर पुसला गेला तर ती चरबी आहे. लादी वाटेत गरम होऊन परत आवळली की चरबी वर येते. वितळवल्यावर ती आत मिसळते, बिनधास्त वापरा. बोटाला खरखरीत लागलं आणि पुसलं गेलं नाही तर ती साखर आहे. ओल लागून साखर विरघळली आणि वाळून वर बसली. अशी लादी लेपाला नको, गुळगुळीत येणार नाही. कोळ्यात चालेल. कुबट वास असेल तर मात्र परत करा.

हीच साखर तुमच्या तयार खाऊवरही येऊ शकते, म्हणून फ्रीजचं परत सांगतो. फ्रीजमधून उघडं ताट बाहेर काढलं की हवेतली ओल चॉकलेटवर बसते, घाम आल्यासारखी. वाळल्यावर चिकट पांढरे डाग राहतात, जेम्सचा रंगही ओघळतो. ठेवायचंच झालं तर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नका. घाम डब्यावर येऊ द्या.

क्रम असा. कोळी २७ किंवा २८ तारखेच्या रात्री. त्यांत ओल नाही, घट्ट डब्यात दहा दिवस कुरकुरीत राहतात. डोळे २९ च्या रात्री. कोहळी ३० च्या संध्याकाळी वळून जेवणानंतर बुडवा, ती दुधाची आणि न शिजवलेली आहेत, दोन दिवसांत संपली पाहिजेत. तिन्ही एका डब्यात ठेवू नका. कोहळ्यातली ओल हवेतून मुरमुऱ्यात जाते आणि सकाळपर्यंत कोळी मऊ पडतात. पुड्या ३१ ला पहाटेच भरा, कोहळ्याला बटर पेपरची वेगळी घडी.

खोबऱ्याचा कीस ताजा घ्या. चार महिने उघडा पडलेला कीस आणि कंपाउंडची चरबी एकत्र आली की थोड्या ओलीनंही साबणासारखी चव येते. ती वास घेऊन कळत नाही. कीस आधी चावून पाहा.

दर्यापूरहून

शाळेत न्यायला थर्मोकोलचा डबा घ्या, केकवाल्याकडे किंवा औषधाच्या दुकानात मिळते. रात्री पाण्याच्या दोन बाटल्या बर्फ करून ठेवजा, रात्री लाईन असते. सकाळी बाटल्यांना वर्तमानपत्राचे चार पदर गुंडाळा, त्यावर टॉवेल, डब्याच्या दोन कडांना उभ्या करा, मध्ये पुड्या. बर्फ पुडीला टेकू नये. डबा वाटायच्या वेळेपर्यंत उघडू नका, आणि गाडीच्या डिक्कीत तर ठेवूच नका, उन्हात तिथं चटका बसण्याइतकं तापते.

पुसदहून

एक विचारतो. हाच खाऊ तान्ह्या पोळ्याला चालेल का? लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार येतात, बोजारा म्हणून पैशाबरोबर हातावर हे ठेवता येईल.

आर्वीहून

चालेल, पण श्रावण-भाद्रपदाची हवा वेगळी. ऊन कमी, ओल फार. तेव्हा मुरमुऱ्याचे कोळी सोडा, तासाभरात चिवट होतात. त्याऐवजी भाजलेले फल्लीदाणे भरड कुटून ३०० ग्रॅम, डार्क कंपाउंड ३०० ग्रॅम, चमचा-चमचा कागदावर सोडा. दाण्यात तेल असतं, ते हवेतली ओल तशी धरत नाही. रात्री पहाटेची थंडीही तेव्हा मिळत नाही, म्हणून ही ताटं फ्रीजमध्येच १५ मिनिटं आवळा आणि बाहेर काढायच्या आधी प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवा. पोरं दिवसभर येत राहतात, तर सगळे नग एकदम ताटात काढू नका. दहा-दहा काढा, बाकी डब्यात राहू द्या.